जीपचे स्टेअरिंग थरथरते? डॅम्पर घेण्याआधी चाक हलवून बघा



हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची डागडुजी होते, टायरगाड्यांची बेअरिंगे बघितली जातात. जीपकडे मात्र कोणी बघत नाही. सेल्फ मारला की चालू होते ना, मग झाले! आपल्या कार्यक्षेत्रातल्या डोंगराकडच्या गावांत अजून कितीतरी सभासदांच्या दारात जुनी महिंद्रा जीप नाहीतर मारुतीची जिप्सी उभी असते. पाणंदीतून खत न्यायला, जळालेली मोटार रिवाइंडिंगला टाकायला आणि रात्री-अपरात्री घरचे आजारी माणूस कोल्हापूरला पोचवायला हीच गाडी उपयोगी पडते. म्हणून तिच्या एका रोगाविषयी चार शब्द लिहितो.

ताशी चाळीस-पन्नासच्या वेगात एखादा खड्डा लागतो आणि पुढची दोन्ही चाके एकदम डावी-उजवी फडफडायला लागतात. स्टेअरिंग हातात राहत नाही. गाडी जवळजवळ उभी केल्याशिवाय थरथर थांबत नाही. सपाट रस्त्यावर हे झाले तर नुसता घाम फुटतो. करूळ घाटाच्या उतारावर झाले तर काय होईल ते सांगायला नको.

यावर सगळीकडे एकच औषध सांगितले जाते. "साहेब, डॅम्पर टाकला की जातंय म्हणं!" जाते, हे खरे आहे. पण बऱ्याच वेळा ते उसाला हुमणी लागल्यावर युरिया टाकण्यासारखे असते. पाने पिवळी दिसली म्हणून खत टाकायचे, आणि खाली अळी मुळे खातच राहायची. डॅम्पर नवा असेपर्यंत थरथर दबून राहते, आणि तेवढ्या काळात किंगपिनचे बेअरिंग किंवा टायरॉडचा एंड आणखी झिजत जातो. पुढे एंड सुटला तर चाक स्टेअरिंगचे ऐकतच नाही.

आधी डॅम्पर म्हणजे काय ते बघू. दिसायला तो शॉकॲब्जॉर्बरचा धाकटा भाऊ. आत तेल, पिस्टन आणि बारीक छिद्रे. पुढच्या एक्सलजवळ तो आडवा बसतो. एक टोक चाके वळवणाऱ्या दांड्याला, दुसरे एक्सलला किंवा चेसला. हळू वळवले तर तेल सावकाश छिद्रांतून जाते, हाताला फारसे कळतही नाही. चाकाला दगडाचा झटका बसला तर तेल तितक्या वेगाने जाऊ शकत नाही आणि झटका तिथेच मरतो. जुन्या जीप चालवणाऱ्यांना ठाऊक आहे, खाचरातून जाताना अंगठा स्टेअरिंगच्या आऱ्यांत अडकवायचा नाही. चाक आपटले की आरा उलटा फिरतो आणि अंगठा मोडतो. डॅम्परचे खरे काम हा झटका मारणे. सैल झालेले भाग घट्ट धरणे हे त्याचे काम नव्हे, आणि गाडी सरळ चालवणे हेही नव्हे.

विलीज बनावटीच्या जुन्या जीपला तो मुळात नव्हताच. १९४९ साली महिंद्राने मुंबईत या जीप जोडायला सुरुवात केली त्या काळापासून कितीतरी वर्षे या गाड्या त्याच्याशिवाय चालल्या. १९८५ च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या जिप्सीला तो कंपनीकडूनच यायचा. २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीलाही आहे. या सगळ्यांची पुढची एक्सल अखंड आहे, म्हणजे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यापर्यंत पोचतो, म्हणून हा रोग यांच्यातच जास्त. २०२० नंतरच्या थारला पुढची चाके स्वतंत्र झुलणारी आहेत. त्यांच्या मालकांनी हा लेख वाचून डॅम्पर शोधत फिरू नये.

नव्या गाडीलाही हे होऊ शकते. अमेरिकेत २०१८ पासूनच्या नव्या बनावटीच्या रँग्लर जीपबद्दल अशाच तक्रारी आल्या, आणि २०१९ मध्ये कंपनीने सुधारलेल्या बनावटीचा डॅम्पर मोफत बदलून द्यायचे ठरवले. तिथे दोष डॅम्परचाच निघाला. थंडीत त्याच्या तेलात बुडबुडे होत होते. पण त्या कोऱ्या गाड्या होत्या. आपल्या वीस-तीस वर्षे चाललेल्या जीपला तो हिशेब लावू नये.

तेव्हा पहिले काम फुकटचे. चाके आतून धुवा. आपली काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते, वाळून दगड होते, आणि चाकाचा तोल जातो. पावसाळ्यानंतर थरथर सुरू झाली असेल तर याचाच संशय आधी धरावा. तासणीने माती काढा, पाण्याचा फवारा मारा, हवा दोन्ही बाजूला सारखी करा, गाडी फिरवून बघा. एवढ्यानेही काम भागते. गॅरेजवाला हे सांगेलच असे नाही, त्यात त्याला काय मिळणार?

राहिली तर मग जॅक लावा. मागच्या चाकांना दगडाची उटी द्या, पुढचे एक चाक उचला, एक्सलखाली भक्कम ठोकळा सरकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरायचे नाही. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर चाकाचे बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंगपिन. ही साधी युक्ती आहे, पण यात शेकड्यांनी रुपये वाचतात, कारण एरवी दोन्हींचे सामान आणवले जाते. किंगपिनचे बेअरिंग बदलताना शिम किती घालायच्या ते अंदाजाने ठरवू नये. चाक वळायला किती ओढ लागते ते ताणकाट्याने मोजून ठरवतात आणि त्याचा आकडा त्या गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. "हाताला कळतंय मला," म्हणणारा मेस्त्री कितीही जुना असो, त्याच्यापुढे काटा ठेवावा.

नंतर चाके जमिनीवर ठेवून एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावे-उजवे हलवायचे आणि दुसऱ्याने खाली बसून टायरॉडच्या प्रत्येक एंडवर बोट ठेवायचे. दांडा हलतो आणि एंडचा गोळा नुसता डुलतो, असे दिसले तर तो एंड बाद. स्टेअरिंग बॉक्सचे चेसला धरणारे बोल्ट, पाट्यांचे बुश, शॅकल आणि यू-बोल्ट तेव्हाच बघून घ्यावेत. पाटे बसलेले असले, किंवा गाडी उंच दिसावी म्हणून कोणी लांब शॅकल घातले असले, तर एक्सलचा कल बदलतो. जुन्या विलीज बनावटीच्या जीपला हा कल, ज्याला कॅस्टर म्हणतात, ३ अंशांचा असतो. तो कमी झाला की चाके आपोआप सरळ येत नाहीत आणि फडफडायला निमित्त मिळते. त्याच गाडीला दोन्ही चाकांची तोंडे पुढून आत असतात ती फक्त ३/६४ ते ३/३२ इंच. डोळ्याने हे जमत नाही. अलाइनमेंट करून घ्यावी.

हे सगळे ठीक निघाले, किंवा ठीक करून घेतले, म्हणजे डॅम्परची पाळी. जुना काढून हातात घ्या. अंगावर नुसता तेलकट पापुद्रा असेल तर घाबरायचे कारण नाही. थेंब ओघळत असेल तर गेला. दांडी वाकलेली आहे का, बुश फाटले आहेत का बघा. मग दांडी पूर्ण आत दाबा आणि पूर्ण बाहेर ओढा. दोन्हीकडे सारखा जोर लागला पाहिजे. मध्येच हात रिकामा गेला, म्हणजे काही अंतर काहीच ओढ लागली नाही, तर तो निकामी समजावा.

नवा घेताना पुष्कळ लोक फसतात ते इथे. दुकानात सांगतात, "त्याच लांबीचा मागचा शॉकॲब्जॉर्बर आहे, स्वस्तात बसवून देतो." घेऊ नका. शॉकॲब्जॉर्बर ताणताना जास्त आणि दाबताना कमी जोर धरतो, कारण पाट्याची उसळी आवरणे हे त्याचे काम. स्टेअरिंगला लावला तर एका बाजूला वळणे जड आणि दुसरीकडे हलके होते. गॅस भरलेल्या डॅम्परचीही एक खोड असते: आतली हवा दांडीला सतत बाहेर ढकलते, त्यामुळे गाडी एका अंगाला किंचित ओढते. आपल्या कामाला साधा, तेलाचा, दोन्हीकडे सारखा जोर धरणारा डॅम्पर पुरे. जिप्सीवाल्यांनी कंपनीच्या मापाचाच घ्यावा. "हेवी ड्यूटी" या शब्दावर भुलू नये. फार कडक डॅम्परने चाके वळणानंतर सरळ यायला आळस करतात.

मापे चार घ्यायची: पूर्ण दाबून लांबी, पूर्ण ताणून लांबी, टोकांचा प्रकार, आणि बोल्टची जाडी. पहिली दोन सर्वांत महत्त्वाची. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले तर दांडा जितका सरकतो, त्यापेक्षा डॅम्परची धाव जास्त हवी. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका सभासदाच्या जीपला एका गॅरेजात आखूड डॅम्पर बसवला होता. सरळ रस्त्यावर उत्तम! पण घरासमोरच्या वळणावर गाडी डावीकडे पूर्ण वळेना, कारण चाकाचा थांबा लागायच्या आधी डॅम्परच ताणून संपत होता. घाटातल्या आकड्यावर हे लक्षात आले असते तर गाडी दरीत जायला वेळ लागला नसता. चाक थांबवायचे ते एक्सलवरच्या थांब्याने; डॅम्परने कधीही नाही.

बसवताना चाके सरळ करा आणि डॅम्पर निम्मा आत, निम्मा बाहेर असेल अशा बेताने टोके लावा. नवा डॅम्पर बसवण्याआधी उभा धरून पाच-सात वेळा दाबून ताणावा, म्हणजे आतली हवा वर निघते. अंगावर बाणाची किंवा "वर" अशी खूण असेल तर ती पाळावी. मूळचा डॅम्पर असेल तर त्याच जागी, त्याच दिशेने. जुन्या जीपला नव्याने लावायचा असेल तर एक टोक टायरॉडला आणि दुसरे एक्सललाच लावलेले बरे. चेसला लावले तर खड्ड्यात एक्सल वर-खाली होताना लांबी उगाच बदलते. टायरॉडला पट्टी वेल्डिंग करू देऊ नका. उष्णतेने दांड्याचा कस जातो आणि तो वेल्डिंगच्या कडेलाच मोडतो. यू-बोल्टची पकड वापरा; उद्यमनगरात मापाची पट्टी वाकवून देणारे पुष्कळ आहेत. बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, म्हणजे बुशांना पीळ राहत नाही.

मग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा. डॅम्पर पाट्याला, टायरला, डिफरन्शियलला घासत नाही ना? पुढचे एक चाक बांधावर चढवून तेच पुन्हा बघा.

ट्रॅक्टरवाले सभासद विचारतील म्हणून सांगतो: दोन ट्रॉल्या भरून येताना पुढची चाके लटपटली तर त्याला डॅम्पर शोधू नका. मधल्या पिनचा बुश, स्पिंडल आणि चाकाची बेअरिंगे बघा, आणि पुढचे वजन काढून ठेवले असेल तर परत लावा.

दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर काढावीच लागली आणि चाके फडफडली, तर ब्रेकवर उभे राहू नये. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, अंगठे बाहेर, ॲक्सिलरेटरवरचा पाय सावकाश उचलायचा आणि वेग आपोआप पडू द्यायचा. नवा डॅम्पर बसल्यावर दोन-तीनशे किलोमीटरनी सगळे बोल्ट एकदा पान्याने बघून घ्यावेत, आणि त्याच वेळी टायरॉडच्या एंडांना ग्रीस द्यावे.