त्वचेसाठी कोणता लेसर?
चेहऱ्यावरील व्रण सपाट करण्यासाठी दोन लेसर वापरात आहेत. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर, अर्बियम-यागची २,९४०. त्वचेतील पाणी हे दोन्ही किरण शोषून घेते, त्याची वाफ होते आणि वरचा थर उडतो. अर्बियमचे किरण पाण्यात कितीतरी अधिक शोषले जातात, म्हणून उष्णता खोलवर पसरत नाही. कार्बन डायऑक्साइडची उष्णता खोल जाते. तिने कोलॅजन आकसते, रक्त थांबते. पण सावळ्या त्वचेवर काळे डाग उमटण्याचा धोका वाढतो. २००४ साली मांडलेल्या फ्रॅक्शनल पद्धतीत किरण बारीक ठिपक्यांपुरतेच पडतात; मधली त्वचा शाबूत राहिल्याने जखम लवकर भरते. उपचारानंतर ऊन मात्र टाळावेच लागते. मुलचेऱ्यात मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्याला ते कसे जमावे? म्हणून डॉक्टरांनी यंत्र आणि उपचाराचा हंगाम ठरवताना रुग्णाचा वर्ण व त्याचे काम, दोन्ही पाहावेत.