पाषाणांची साक्ष

महाराष्ट्रातील पुष्कळ घरांच्या देवघरांत एक काळा, गुळगुळीत, वाटोळा दगड असतो. त्याला शाळिग्राम म्हणतात. विष्णुस्वरूप मानून तुळशीपत्राने त्याची नित्य पूजा होते. क्वचित एखादा शाळिग्राम फुटलेला असला, तर त्याच्या पोटात शंखासारखी वळणे घेत गेलेली सुरेख आकृती दिसते; तिलाच भाविक लोक चक्र म्हणतात. हे शाळिग्राम नेपाळातील काळी गंडकी नदीच्या पात्रात सापडतात. मुक्तिनाथाच्या यात्रेस जाणारे लोक ते तेथून पिढ्यान्‌पिढ्या आणीत आले आहेत. हाच दगड भूशास्त्रज्ञाच्या हाती दिला, तर तो सांगतो की हे चक्र म्हणजे ॲमोनाइट नावाच्या प्राण्याचे कवच होय. कोकणच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या जाळ्यांत येणारी माकुळे याच्याच दूरच्या भाऊबंदांपैकी आहेत. ॲमोनाइट केवळ समुद्रात राहत असे, आणि सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी त्याचा वंश नाहीसा झाला.

येथे दोन कोडी एकदम उभी राहतात. समुद्रात राहणारा प्राणी हिमालयाच्या कुशीत कसा गेला? आणि हिमालयाच्या कुशीतला दगड दख्खनच्या देवघरात कसा आला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भूशास्त्राने द्यावयाचे आणि दुसऱ्याचे इतिहासाने. परंतु उत्तर शोधण्याची रीत दोघांचीही एकच आहे. दगडाला पाय नसतात. तो जेथे जन्मला ते स्थान सोडून अन्यत्र सापडला, तर त्याला कोणी तरी तेथे नेले असले पाहिजे. मग ते पृथ्वीने असो, पाण्याने असो वा माणसाने असो. दगडाचे जन्मस्थान आणि त्याचे सापडण्याचे ठिकाण या दोहोंमधील अंतर मोजता आले की इतिहासाचे एक पान वाचता येते.

प्रथम पृथ्वीने केलेल्या प्रवासाचा विचार करू. हिमालयाच्या उत्तरेकडील उंच रांगांत सागरी प्राण्यांचे अवशेष असलेले थरच्या थर आढळतात. एव्हरेस्टचा अगदी माथादेखील चुनखडीचा असून ती चुनखडी ४५ कोटी वर्षांहूनही अधिक जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. भारत व तिबेट यांच्या मध्ये एके काळी जो विस्तीर्ण सागर पसरलेला होता, त्याला ऑस्ट्रियातील भूशास्त्रज्ञ एड्वर्ड झ्यूस याने १८९३ साली टेथिस हे नाव दिले. पण सागर होता एवढे म्हटल्याने तो आटून त्याच्या जागी पर्वत का उभा राहिला, हे कळत नाही. पृथ्वी थंड होत असता आकसते आणि वाळलेल्या फळाच्या सालीप्रमाणे तिच्यावर सुरकुत्या पडतात, तेच पर्वत, असा समज त्या काळी बराच रूढ होता. १९१२ साली आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने खंडेच सरकतात असे मांडले. परंतु ती कोणत्या शक्तीने सरकतात हे त्याला समाधानकारक सांगता न आल्यामुळे पुष्कळांनी त्याची थट्टाच केली. पुढे १९६०च्या दशकात सागरतळाचे संशोधन झाले आणि पृथ्वीचे कवच अनेक प्रचंड पट्टांचे बनले असून ते पट्ट सावकाश सरकत असतात, ही गोष्ट मान्य झाली. भारताचा पट्ट उत्तरेकडे सरकत सरकत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडला. मधला टेथिस सागर मिटला आणि त्याच्या तळाचा गाळ चुरगळत वर उचलला गेला. त्याबरोबर शाळिग्रामही वर चढले.

ही टक्कर केव्हाच होऊन संपली, असे मात्र नव्हे. ती आजही चालू आहे, आणि याची साक्ष भूकंप देतात. १८९७ सालच्या १२ जून रोजी शिलाँगच्या पठारावर व आसामात भयंकर भूकंप झाला. त्याची पाहणी भारतीय भूशास्त्र खात्यातील रिचर्ड डिक्सन ऑल्डहॅम याने केली. पठारावर फिरताना त्याला एक विलक्षण गोष्ट दिसली. जमिनीत अर्धवट रुतलेले मोठमोठे धोंडे आपापल्या खळग्यांतून उसळून बाजूला पडले होते, परंतु खळग्यांच्या कडा मात्र शाबूत होत्या. धोंडा लोटला गेला असता तर कड मोडली असती. अर्थात तो सरळ वर उडाला होता. याचा अर्थ, जमिनीचा तो हिसका गुरुत्वाकर्षणालाही मागे टाकणारा होता. येथेही न्याय तोच: दगड आपल्या जागेवर नाही, तर त्याला कोणी हलविले?

याच भूकंपाच्या लहरी हजारो कोस दूर युरोपातील यंत्रांवर उमटल्या होत्या. त्या नोंदी तपासून ऑल्डहॅमने १९०० साली असे दाखविले की भूकंपाच्या लहरी तीन प्रकारच्या असतात. दाबाच्या लहरी सर्वांच्या आधी पोचतात, आडव्या हिसक्याच्या लहरी त्यांच्या मागून येतात, आणि पृष्ठभागावरून चालणाऱ्या लहरी सर्वांच्या शेवटी. वीज चमकल्यावर गडगडाट किती वेळाने ऐकू आला यावरून ती किती दूर चमकली याचा अदमास करता येतो. तद्वतच पहिल्या दोन लहरींमधील वेळावरून भूकंपाचे अंतर काढता येते, आणि निरनिराळ्या ठिकाणांच्या यंत्रांचा मेळ घातला म्हणजे त्याचे स्थान व खोलीही निश्चित होते. वैद्य छातीवर बोटे ठोकून आतील स्थिती ताडतो, तसे भूकंपाच्या ठोक्यांवरून पृथ्वीचे अंतरंग ताडण्याची ही विद्या होय. तिच्याच आधारे १९०६ साली ऑल्डहॅमने पृथ्वीला निराळा गाभा असल्याचे प्रतिपादन केले.

या विद्येने हिमालयाखालचे भूकंप नकाशावर मांडले असता ते वाटेल तसे विखुरलेले दिसत नाहीत. त्यांतील पुष्कळसे उत्तरेकडे हळूहळू खोल होत जाणाऱ्या एका तिरप्या प्रतलाच्या आसपास होतात. भारताचा पट्ट हिमालयाखाली शिरत आहे, तो याच प्रतलावरून. आज भारत व आशिया यांमधील अंतर वर्षास ४ ते ५ सेंटिमीटर कमी होत आहे आणि त्यापैकी सुमारे २ सेंटिमीटरांचा भार एकटा हिमालय सोशीत आहे. हे प्रतल वरच्या भागात एरवी घट्ट अडकलेले असते. म्हणजे शंभर वर्षांत सुमारे २ मीटरांची ओढ तेथे साठून राहते. ती एकदम सुटली की भूकंप होतो. १९०५ साली कांग्रा, १९३४ साली बिहार व नेपाळ, १९५० साली आसाम, आणि २०१५ सालच्या २५ एप्रिल रोजी पुन्हा नेपाळ, अशी ही ओढ सुटत आली आहे. २०१५ सालच्या भूकंपात सुमारे ९,००० माणसे मृत्यू पावली. त्याच वेळी काठमांडूच्या परिसरातील जमीन सुमारे १ मीटर उंच उचलली गेली, तर उत्तरेकडील काही उंच शिखरे किंचित खचली. पर्वत घडतो तो अशाच धक्क्यांनी, कोठे उंचावत तर कोठे खचत. ग्रंथांत जिला पर्वतरचना म्हणतात, ती पायथ्याशी राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला या रूपाने येते.

आणि हे केवळ पायथ्याशी राहणाऱ्यांच्याच वाट्याला येते असेही नाही. १९९३ सालच्या ३० सप्टेंबर रोजी पहाटे मराठवाड्यातील किल्लारी व आसपासची गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. दख्खनचे पठार अचल, अशी तोपर्यंत लोकांची समजूत होती. परंतु ज्या पट्टाचे एक टोक हिमालयाखाली रेटले जात आहे, त्याच पट्टावर दख्खन वसलेले आहे. त्या रेट्याचा ताण पठारातील जुन्या दुबळ्या भेगांपर्यंत पोचतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथील घरांच्या भिंती जाडजूड दगडांच्या, पण चिखलात रचलेल्या होत्या. त्या झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. भूकंपाची विद्या ही केवळ पंडितांची करमणूक नव्हे, हे त्या पहाटेने शिकविले.

आता याच टकरीच्या पश्चिम टोकास, हिंदुकुश पर्वताकडे वळू. तेथील भूकंप हिमालयातल्या भूकंपांहून निराळे आहेत. त्यांपैकी अनेक सुमारे २०० किलोमीटर खोलीवर होतात. २०१५ सालच्या २६ ऑक्टोबरचा भूकंप असाच खोल होता आणि त्याचा धक्का दिल्लीपर्यंत जाणवला. खडकाची एक प्रचंड पट्टी तेथे जवळजवळ उभी खाली बुडत आहे, असा त्यांचा अर्थ लावला जातो. अशा या हालत्या डोंगरांत, अफगाणिस्तानातील बदक्षान प्रांतात, कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संग नावाच्या खाणी आहेत. तेथे लाजवर्द सापडतो. संस्कृत ग्रंथांत राजावर्त म्हणून ज्याचा उल्लेख येतो, तोच हा निळा दगड. फार खोलवर उष्णतेने व दाबाने चुनखडीचा संगमरवर होत असता, विशिष्ट द्रव्यांचा योग आला तरच तो बनतो. पर्वताच्या उत्थानाने तो वर आला, आणि नदीने डोंगर कापल्यामुळे माणसाच्या हाती लागला. एवढे सर्व योग एकत्र यावे लागत असल्यामुळे जगात लाजवर्दाच्या खाणी मोजक्याच आहेत.

ही दुर्मिळताच इतिहासकाराच्या उपयोगी पडते. इराकच्या दक्षिणेस ऊर नावाचे प्राचीन सुमेरी नगर आहे. तेथे १९२२ ते १९३४ या काळात लिओनार्ड वूली याने उत्खनन केले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या थडग्यांत त्याला लाजवर्दाचे मणी, मुद्रा व जडावकाम विपुल सापडले. सुमेर हा दोन नद्यांनी आणलेल्या गाळाचा सपाट प्रदेश; तेथे असला दगड निपजणे शक्यच नाही. बदक्षानच्या खाणी तेथून सरळ रेषेत मोजल्या तरी दोन हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहेत. नदीने तो नेला असे म्हणावे, तर मध्ये अशी नदी नाही. अर्थात तो माणसांनी नेला.

त्याच थडग्यांत, लाजवर्दाच्या शेजारी, तांबड्या अकीकाचे मणीही सापडले. त्यांतील काही लांबट मण्यांची घडण आणि काहींवर पांढऱ्या रेघांची नक्षी उमटविण्याची कृती अगदी सिंधुसंस्कृतीची आहे. अकीकाचा जन्म लाजवर्दाहून सर्वस्वी निराळा. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. ते निवताना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत पुढे झिरपत्या पाण्याने गारेचे द्रव्य साचविले, तोच अकीक. सह्याद्रीचा काळा कातळही त्याच लाव्हारसाचा. कातळाची झीज झाली तरी अकीक कठीण म्हणून टिकला, आणि पाण्याबरोबर वाहत जाऊन गुजरातेत राजपिपळ्याच्या टेकड्यांजवळील थरांत त्याचे गोटे साचले. रतनपूरच्या खाणी त्याच होत. गोटे भाजले म्हणजे त्यांतील लोहाचा अंश तांबडा होतो. या अकीकाला पुढेही मागणी राहिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवृत्तात, पैठणहून याच जातीचे दगड गाड्यांत घालून भडोचच्या बंदराला नेत, असा उल्लेख आहे.

मात्र एका मण्यावरून फार मोठे अनुमान काढणे बरे नव्हे. मणी दहा हातांतून फिरत गेला की एकाच व्यापाऱ्याने नेला, हे मणी सांगत नाही. त्यासाठी दुसरे साक्षीदार लागतात, आणि ते येथे मिळतात. बदक्षानच्या खाणींकडे जाणाऱ्या वाटेवर, ऑक्सस नदीकाठी शोर्तुगाई येथे सिंधुसंस्कृतीच्या लोकांची वसाहत १९७०च्या दशकात उजेडात आली. ऊर येथे सिंधुलिपीच्या मुद्रा सापडल्या आहेत. आणि मेलुह्ह देशाची जहाजे आपल्या अक्कड नगरीच्या धक्क्याला लागतात, अशी प्रौढी सार्गोन राजाने आपल्या लेखात मिरविली आहे. हा मेलुह्ह म्हणजे सिंधुप्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात. दगड, वसाहत, मुद्रा आणि लेख यांची जबानी जुळली, तेव्हाच भारत व सुमेर यांचा संबंध सिद्ध झाला.

या सर्व साक्षीचे मोल मात्र एका गोष्टीवर अवलंबून आहे: दगड कोठे सापडला, याची नोंद. २००३ साली युद्धाच्या धामधुमीत बगदादचे वस्तुसंग्रहालय लुटले गेले, आणि पुढे इराकातील अनेक प्राचीन स्थळे चोरांनी खणून काढली. तेथून निघालेला मणी एखाद्या श्रीमंताच्या कपाटात आजही झळकत असेल. त्याचा रंग तोच, घडण तीच; बदक्षानचा जन्मही त्याच्या अंगी तसाच. परंतु तो कोणाच्या गळ्यात, कोणत्या थरात, कशाशेजारी होता, हे आता कोणालाही कळणार नाही. त्याच्या प्रवासाचे एक टोक तुटले. साक्षीदार जिवंत आहे, पण मुका झाला आहे.

देवघरातल्या शाळिग्रामाची तशी स्थिती नाही. त्याच्या प्रवासाची दोन्ही टोके ठाऊक आहेत. समुद्राच्या तळापासून पर्वतापर्यंत त्याला पृथ्वीने नेले, पर्वतातून नदीने खाली आणले, आणि नदीपासून घरापर्यंत एखाद्या पूर्वजाने पडशीत घालून आणले. तो कोणी व केव्हा आणला, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना अजून आठवत असेल. त्यांना विचारून ते वेळीच टिपून ठेवणे इष्ट.