मायक्रोफोन मुका होतो तेव्हा

अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा कंप्रतापट्टा सामान्य नागरिकांच्या संभाषणासाठी खुला करण्यात आला. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तेथील ट्रकचालकांनी 'सिटिझन्स बँड' किंवा 'सीबी' रेडिओ झपाट्याने आपलासा केला. १९७७ पासून त्याला चाळीस चॅनेल मिळाले. त्यांपैकी नववे संकटकाळासाठी व प्रवाशांच्या साहाय्यासाठी राखीव आहे. निर्जन रस्त्यावर मायक्रोफोन मुका झाला, तर ही सोय असून नसल्यासारखी होते.

हा मायक्रोफोन केवळ आवाज टिपत नाही. संचाची कळही त्यातच असते. तिचा खटका दाबताच ग्रहण थांबून प्रेषण सुरू होते. चार टोकांच्या नेहमीच्या जोडणीत एक तार आवाजाची, एक प्रेषणाची, एक ग्रहणाची आणि एक सामाईक असते. त्यामुळे कित्येक संचांत मायक्रोफोन काढताच ध्वनिवर्धकही गप्प होतो, आणि मालक बिचारा संच उघडून बसतो!

अँटेना जोडलेली आहे याची खात्री करून (तिच्याविना प्रेषण केल्यास संचातील ट्रान्झिस्टर जळू शकतो) खटका दाबावा व मापकाचा काटा पाहावा. काटा हलला, पण आवाज पोहोचत नसेल, तर वाहक तरंग बाहेर पडत आहे. श्रोत्याला खरखर थांबून नुसती शांतता जाणवते. अशा वेळी दोष आवाजाच्या तारेत किंवा पडद्यामागील वेटोळ्यात शोधावा. काटा हललाच नाही, तर खटका अथवा प्रेषणाची तार तपासावी. खटका सोडूनही प्रेषण चालूच राहिले, तर आसपासच्या सर्वांचेच त्या चॅनेलवरील बोलणे खुंटते. हा दोष सर्वांत उपद्रवी होय.

पुष्कळदा खरा दोषी असतो तो वेटोळेदार दोर. सतत ताणला गेल्याने त्यातील तार टोकांजवळ तुटते. वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. मायक्रोफोन संचापासून सोडवून त्याचे आवरण उघडावे, ओहममापक प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना लावावा आणि दोर हळूहळू वाकवावा. काटा मध्येच घसरला, की तुटलेली जागा सापडली. डायनॅमिक जातीच्या मायक्रोफोनचे वेटोळे सामान्यतः काहीशे ओहम रोध दाखविते. मापक लावताना त्यातून बारीक 'टक' असा आवाजही येतो.

दुसऱ्याचा मायक्रोफोन लावून पाहणे सर्वांत सोपे. मात्र प्लग सारखा असला तरी निरनिराळ्या बनावटींत तारांचा क्रम वेगळा असतो, तो आधी ताडून पाहावा. तुटका भाग कापून टाकून तारांना नव्याने डाख द्यावा, आणि दोराचा ताण डाखावर न येता आवरणातील पकडीवर येईल, असा तो बसवावा.