टॅबवर ‘डेस्कटॉप साइट’ : आपण नेमकं काय मागतो?

आजचा विषय तसा घरगुती आहे. टॅबवर एखादी वेबसाइट उघडली की ती कधीकधी मोबाइलवर दिसते तशी आखडलेली दिसते. मेनू तीन रेघांमागे लपलेला असतो, तक्ता अर्धाच दिसतो, आणि ज्या बटणासाठी आपण आलो ते बटणच सापडत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘अहो, डेस्कटॉप साइट करा ना.’ आपण एका चौकटीत टिक करतो, पान पुन्हा उघडतं आणि सगळं हजर! पडदा तोच, इंटरनेट तेच, माणूसही तोच. मग बदललं काय? आज मला या एवढ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचंय. ते कळलं की ही सोय कुठे उपयोगी पडेल आणि कुठे नाही, हे तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

आणि हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही बरं का. आपल्याकडे पुष्कळ घरांत संगणक नाही, पण टॅब आहे. महाज्योतीसारख्या संस्थेनं प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. अशा एखाद्या मुलीला अर्ज भरायचा आहे आणि वेबसाइटनं तिच्यापुढे अर्धंच पान ठेवलं, तर तिला उठून तालुक्याच्या गावी जावं लागतं आणि जे काम घरी झालं असतं त्याचे दुकानात पैसे मोजावे लागतात. म्हणजे कुणाला किती दाखवायचं हे कोण ठरवतं आणि कशाच्या आधारावर ठरवतं, असा हा प्रश्न आहे. आता ‘कशाच्या आधारावर’ म्हटलं की तत्त्वज्ञानाचा माणूस गप्प बसत नाही. कारण हा प्रमाणांचा प्रश्न झाला.

ब्राउझरची साक्ष

आपण पत्ता टाइप करतो तेव्हा ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे पानाची मागणी पाठवतो. त्या मागणीबरोबर ब्राउझर स्वतःची ओळख सांगणारी एक ओळही जाते. तिला ‘यूझर एजंट’ म्हणतात. मी अमुक ब्राउझर आहे, अमुक यंत्रावर चालतो आहे, अशा स्वरूपाची ही ओळ. आपल्याला ती दिसत नाही, पण प्रत्येक मागणीबरोबर ती जात असते.

आता सर्व्हरच्या बाजूनं विचार करा. त्याला तुमचा पडदा दिसत नाही. तुमच्या हातात माऊस आहे की नुसतं बोट, हेही दिसत नाही. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. सर्व्हरकडे प्रत्यक्ष नाही. त्याच्याकडे आहे तो फक्त शब्द, म्हणजे दुसऱ्यानं सांगितलेलं. शब्दाला प्रमाण मानायचं तर आपल्याकडे अट आहे : सांगणारा ‘आप्त’ हवा. आप्त म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याचीच ज्याची इच्छा आहे असा माणूस. या दोन्हींपैकी एक जरी नसेल तर त्याचा शब्द प्रमाण धरता येत नाही.

मग ब्राउझर आप्त आहे का? त्याचा इतिहास मोठा मजेशीर आहे.

सगळेच मोझिला

१९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून ‘मोझेक’ नावाचा ब्राउझर बाहेर पडला. पुढच्याच वर्षी नेटस्केप आला. नेटस्केपचं आतलं, कंपनीतलं नाव होतं ‘मोझिला’, आणि यूझर एजंटमध्ये तो तेच नाव सांगायचा. त्याला ‘फ्रेम्स’ दाखवता येत, म्हणजे एका पानाचे कप्पे पाडता येत. इतरांना ते जमत नसे. म्हणून सर्व्हर चालवणाऱ्यांनी नियम करून टाकला : मोझिला म्हणेल त्याला चांगलं पान, बाकीच्यांना साधं.

१९९५ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला. थोड्याच काळात त्यालाही फ्रेम्स जमू लागल्या. पण दारावरचा पहारेकरी नाव विचारतो, काय येतं ते विचारत नाही! मग त्यानंही सांगायला सुरुवात केली, ‘मी मोझिला’, आणि पुढे कंसात, ‘म्हणजे मोझिलाशी जुळणारा’. पुढे गेको नावाच्या इंजिनाला मान मिळू लागला, तेव्हा दुसरे म्हणू लागले, ‘आम्ही गेकोसारखे’. सफारी आला, तोही मोझिला आणि गेकोसारखा. क्रोम आला, तो म्हणतो मी मोझिला, गेकोसारखा, क्रोम आणि शिवाय सफारी. आजही तुमच्या टॅबमधला क्रोम हे सगळं सांगतोच आहे. लग्नाच्या याद्यांत लोक जशी दूरदूरची नाती लावतात, तशी ही ओळ लांबत गेली.

यातून निष्पन्न काय होतं? ही ओळ पहिल्यापासूनच शुद्ध वर्णन राहिली नाही. ‘मी कोण आहे’ सांगता सांगता ती ‘मला कसं वागवा’ हे सांगू लागली.

आयपॅडचा मॅक कसा झाला

आता टॅबकडे येऊ. पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीला आला. त्या वेळी बहुतेक वेबसाइटना दोनच जाती ठाऊक होत्या : संगणक आणि फोन. फोनसाठी वेगळी, बारीक, काटछाट केलेली साइट असायची. तिच्या पत्त्यात पुष्कळदा सुरुवातीला ‘एम’ आणि टिंब असे. टॅब या दोन्हींच्या मधला. त्याला कुठे बसवायचं? आयपॅडला फोनच्या रांगेत बसवणाऱ्या साइट पुष्कळ होत्या. दहा इंचांच्या आसपासच्या पडद्यावर फोनचं पान, म्हणजे मोठ्या ताटात चमचाभर भात.

२०१५ च्या आयओएस ९ मध्ये सफारीत सोय आली, की पान पुन्हा आणण्याचं बटण दाबून धरलं तर डेस्कटॉपची साइट मागता येते. मग सप्टेंबर २०१९ मध्ये आयपॅडओएस १३ आलं आणि अ‍ॅपलनं बाजूच उलटवली. मोठ्या पडद्याच्या आयपॅडवरचा सफारी आपण होऊनच सांगू लागला की मी मॅकिंटॉशवर आहे. त्या ओळीत शब्द असतात, ‘मॅकिंटॉश, इंटेल मॅक’. गंमत बघा, इंटेलची चिप असलेला आयपॅड आजवर कधी निघालेलाच नाही! पण हे सांगितल्याबरोबर वेबसाइट पूर्ण पान देऊ लागल्या. ब्राउझरमध्ये पूर्ण चालणारी गूगल डॉक्ससारखी कामं आयपॅडवर होऊ लागली.

अँड्रॉइडवर गोष्ट थोडी वेगळी आहे. फोनवरचा क्रोम आपल्या ओळखीत ‘मोबाइल’ हा शब्द घालतो, टॅबवरचा घालत नाही. एका शब्दाचा फरक, पण ज्या साइटनं नुसतं ‘अँड्रॉइड’ वाचून निर्णय घेतला तिनं टॅबलाही फोनच ठरवलं. मग तुम्ही ‘डेस्कटॉप साइट’वर टिक करता, तेव्हा क्रोम दोन गोष्टी करतो. पहिली, ओळखीतून अँड्रॉइड काढून मी लिनक्सचा संगणक आहे असं सांगतो. दुसरी, पडदा रुंद आहे असं धरून पान मांडतो आणि मग ते आपल्या पडद्यात बसेल इतकं लहान करतो. अक्षरं बारीक होतात ती या दुसऱ्या गोष्टीमुळे.

बघून ठरवणं

यावर खरा उपाय कोणता? मे २०१० मध्ये, म्हणजे आयपॅड आल्यावर दोन महिन्यांच्या आत, ईथन मार्कोट या डिझायनरनं एक लेख लिहिला आणि ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली. त्यातलं मर्म असं : तू कोण हे विचारूच नका. सगळ्यांना एकच पान पाठवा आणि त्याबरोबर नियम पाठवा. पडदा इतका रुंद असेल तर तीन स्तंभ, इतका अरुंद असेल तर एक. हे नियम लागू कुठे होतात? तुमच्या टॅबमध्येच, जिथे पडदा समोर आहे. म्हणजे शब्दप्रमाणाच्या जागी प्रत्यक्ष आलं. यात नाव खोटं की खरं हा प्रश्नच उरत नाही. तुम्ही टॅबची खिडकी अर्धी केलीत तर पान त्याप्रमाणे आवरून बसतं, पुन्हा मोठी केलीत की पसरतं.

म्हणून एक साधी कसोटी सांगतो. टॅब उभा धरा, मग आडवा करा. पान आपली मांडणी बदलतंय? तर ते निदान तुमचा पडदा पाहतंय. आडवा केल्यावरही पान फोनसारखंच राहतंय? तर बहुधा ते नावावर चाललंय. तिथे डेस्कटॉप साइट मागून बघायला हरकत नाही.

काय बदलत नाही

आता महत्त्वाचा भाग, इथे नीट लक्ष द्या. डेस्कटॉप साइट मागितल्यानं साक्ष बदलते, साधन बदलत नाही. टॅबचा संगणक होत नाही.

एक. तुमचं बोट माऊस होत नाही. माऊसचा बाण मेनूवर नुसता नेला तरी मेनू उघडतो. बोटाला असं ‘नुसतं वर नेणं’ नसतं, ते टेकतं किंवा टेकत नाही. त्यामुळे काही मेनू उघडायच्या आधीच दुवा दाबला जातो. शिवाय डेस्कटॉपची बटणं बारीक. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या निकषांत, दाबायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल असावी किंवा तिच्याभोवती पुरेशी मोकळी जागा असावी, असं म्हटलंय. जुन्या साइट हे पाळत नाहीत. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी दोन बोटांनी पान मोठं करूनच बटण दाबावं. टॅबला माऊस जोडता येतो, आयपॅडलाही मार्च २०२० पासून नीट जोडता येतो, तोही उपाय आहे.

दोन. जे काम संगणकात वेगळं सॉफ्टवेअर बसवून होतं, ते इथे होत नाही. यूएसबीच्या डोंगलवरची डिजिटल सही लागणारी साइट डेस्कटॉपसारखी दिसेल, सही मात्र बहुधा होणार नाही. अशा कामासाठी संगणकच शोधावा, अर्धा दिवस टॅबशी झगडू नये.

तीन, आणि हे वहीत लिहून ठेवा. डेस्कटॉप साइट मागितली की पान नव्यानं मागवलं जातं. अर्ज अर्धा भरून झाल्यावर टिक केलंत तर भरलेलं सगळं जाऊ शकतं. तेव्हा आधी मागणी, मग लॉगिन, मग अर्ज. क्रम मोडू नका.

चार. पत्ताच ‘एम’ टिंबानं सुरू होत असेल तर नुसत्या मागणीनं पान बदलेलच असं नाही. तुम्ही फोनच्याच दारात उभे आहात. पत्त्यातलं ते ‘एम’ आणि टिंब पुसा आणि पुन्हा उघडा.

कृती सोपी आहे. क्रोममध्ये किंवा फायरफॉक्समध्ये कोपऱ्यातले तीन ठिपके, त्यात ‘डेस्कटॉप साइट’. सफारीत पत्त्याच्या पट्टीतलं पानाचं चिन्ह दाबा. जुन्या आवृत्त्यांत तिथे लहान-मोठा ‘ए’ असतो. त्यात डेस्कटॉप वेबसाइट मागण्याचा पर्याय आहे. उलटही करता येतं. एखादी साइट डेस्कटॉप रूपात वाचवत नसेल तर तिथूनच मोबाइलची साइट मागा. लहान साइट म्हणजे कमी प्रतीची, असं नाही. नुसता लेख वाचायचा तर ती पुष्कळदा जास्त सुखाची असते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, टॅब असताना संगणक आहे म्हणून सांगणं हे खोटं बोलणं नाही का?*

छान प्रश्न. असत्य हे विधानाबाबत संभवतं. ‘मला पाणी द्या’ हे वाक्य खरं की खोटं, असं आपण विचारत नाही, कारण ती विनंती आहे. आता सफारीतल्या त्या पर्यायाचे इंग्रजी शब्द आठवा, तिथे ‘रिक्वेस्ट’ असंच लिहिलंय. तुम्ही विनंतीच करताय. ती पोहोचवायला ब्राउझरकडे विधानाखेरीज दुसरी भाषा नाही, ही त्या व्यवस्थेची अडचण. आणि मघाशी पाहिलं तसं, त्या विधानावर शब्दशः विश्वास ठेवावा अशी स्थिती तीस वर्षांत राहिलेलीच नाही. इथे कुणाची फसवणूक होत नाही. जे पान सगळ्यांसाठी उघडं आहे, तेच तुम्ही पूर्ण मागताय. दुसऱ्याचं नाव सांगून त्याच्या खात्यात शिरणं ही वेगळी गोष्ट. तिथे कुणाचा तरी हक्क मोडतो.

*प्रश्न : मग आयपॅड मॅक म्हणवतो तेव्हा साइटला खरं कळतच नाही?*

कळू शकतं. एकाच वेळी किती बोटांचा स्पर्श कळतो, हे पानाला ब्राउझरकडून विचारता येतं. मॅककडून उत्तर येतं शून्य, आयपॅडकडून पाच. नाव मॅकचं आणि बोटं पाच, म्हणजे हा आयपॅड. हे झालं अनुमान! धूर दिसला म्हणून अग्नी. म्हणजे ज्याला जाणून घ्यायचं आहे त्याला प्रमाणं उपलब्ध आहेत. फक्त ती शोधण्याची तसदी घ्यावी लागते.

*प्रश्न : साइट बनवणाऱ्यांना तुम्ही काय सांगाल?*

एवढंच, की समोरच्याची जात विचारू नका, त्याला काय जमतं ते पाहा. आणि पडदा लहान म्हणून मजकूर कापू नका. मांडणी बदला, पण जे संगणकावाल्याला मिळतं ते टॅबवाल्यालाही मिळालं पाहिजे. ज्या मुलीकडे टॅबच आहे, तिला तीन ठिपक्यांमागची ही विनंती शोधावीच लागू नये, तिनं पत्ता टाकला की अर्ज पूर्ण समोर यावा. तोवर मात्र ही विनंती कुठे असते ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.