प्रथमोपचाराचा वर्ग आता तळमजल्यावर

आपल्या गटांचं प्रथमोपचार प्रशिक्षण आतापर्यंत तालुक्याला, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये व्हायचं. गुडघेदुखीच्या, गरोदर, काठी घेऊन चालणाऱ्या बाया जिन्यापाशीच अडायच्या. आणि चकलीच्या कढईपाशी, मिरची कांडपावर दिवसभर असतात त्या याच! म्हणून पुढचे वर्ग आम्ही रविवारी, एसटी स्टँडजवळच्या शाळेत तळमजल्यावर ठेवलेत. तिथे पायऱ्यांऐवजी उतार आहे, संडास जवळ आहे, लेकराला सोबत आणता येतं.

मोठ्या कारखान्यांत प्रथमोपचार पेटी आणि प्रशिक्षित माणूस ठेवणं १९४८ च्या कारखाना कायद्यानं बंधनकारक केलं. आपल्या छोट्या उद्योगात ते आपणच बघायचं.

वर्गात सगळं हातानं करून शिकू. तेल उडून हात भाजला, तर बांगड्या लगेच काढा आणि हात २० मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नका. कांडपाच्या पट्ट्यात हात सापडला, तर आधी मशीन बंद करा. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. १०८ ला फोन लावा. रुग्णवाहिका मोफत येते. खाली वाकता येत नसलं, तरी फोन लावणं आणि दुसरीला नीट सांगणं जमतंच.

प्रत्येक गटातून दोघी या. एक सुट्टीवर असली, तरी दुसरी कामावर असेल.