ताई आणि सरांपर्यंत न पोहोचलेला नियम

२० ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी बदलापूर स्थानकात लोक रुळांवर उतरले ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. अंबरनाथ ते कर्जत लोकल बंद होती, लांब पल्ल्याच्या गाड्या वळवाव्या लागल्या. शहरातल्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर कंत्राटी सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार होती, आणि गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना पोलिस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावं लागलं होतं. पश्चिमेच्या सोनिवलीपासून पूर्वेच्या कात्रपपर्यंत प्रत्येक आईबापाच्या मनात तेव्हा एकच प्रश्न होता : दाराशी सोडून आलेलं आपलं मूल आत कोणाच्या हाती आहे? (त्या शाळेचं नाव इथे दिलेलं नाही. पीडित मुलाची ओळख उघड होईल असा तपशील, अगदी शाळेचं नावसुद्धा, छापायला मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचं कलम २३ मनाई करतं.)

त्या दिवसाच्या आधीचा आणि नंतरचा काळ तपासला की एक गोष्ट ठळक दिसते. कायदा होता, नियम होते, समित्या नेमण्याचे आदेशही होते. मुलाच्या सगळ्यात जवळ असणाऱ्या माणसांना, म्हणजे बालवाडीच्या ताईंना, मदतनीस मावशींना आणि मैदानावरच्या सरांना शिकवायचं काम मात्र राहून गेलं.

खरं तर लहान मुलांच्या शिक्षणात बदलापूरच्याच ठाणे जिल्ह्याने राज्याला वाट दाखवली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा बोर्डी ठाणे जिल्ह्यातच होती. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्यासोबत हे काम वाढलं. गावातल्या बाईला हाताशी धरून, तिला शिकवून बालवाडी उभी करता येते, हे त्या दोघींनी सिद्ध केलं. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाड्या आल्या. आहार, लसीकरण, स्वच्छता, गाणी, खेळ हे सगळं प्रशिक्षणात आलं. मुलाच्या शरीराला कोणी वाईट हेतूने हात लावत असेल तर ते कसं ओळखायचं, हा विषय मात्र घरात, वर्गात, कुठेच बोलला जात नव्हता.

त्या शांततेला आकड्यांनी तडा दिला. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून अहवाल काढला. त्यात महाराष्ट्रही होता. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या लैंगिक अत्याचाराचा अनुभव सांगितला. त्रास देणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस, एवढं सांगून आपण निर्धास्त होत होतो. धोका बऱ्याचदा ओळखीच्या माणसाकडूनच होता.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो कायदा लागू झाला. त्याच्या कलम १९ ने एक मोठा बदल केला. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य ठरलं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि संस्थेच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आमच्या पातळीवर चौकशी करू’ म्हणायला जागाच उरली नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी हेच ठणकावून सांगितलं : माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

पण या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित राहिली ती २०२० च्या पॉक्सो नियमांमधली एक तरतूद. शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी आणि मुलांशी नेहमी संबंध येणारी इतर ठिकाणं यांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यावी, असं तिसरा नियम सांगतो. कर्मचारी शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, कोणालाही सूट नाही. या सगळ्यांना मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण वेळोवेळी द्यावं, हेही त्यातच आहे. म्हणजे पाळणाघरातली मावशी आणि क्रिकेट शिकवणारे सर कायद्याने एकाच ओळीत आणून बसवले होते. राज्यात १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या नेमायचं ठरलं. बदलापूरची घटना घडली तेव्हा हे सगळं आधीच लिहिलेलं होतं.

आंदोलनाच्या दुसऱ्या दिवशी, २१ ऑगस्टला, सरकारने नवा शासन निर्णय काढला : महिनाभरात सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, कर्मचाऱ्यांची पडताळणी, प्रकार कळल्यापासून २४ तासांत वरिष्ठांना कळवणं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, पोलिसांच्या दिरंगाईवर आणि शाळेने न कळवण्यावर बोट ठेवलं. निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समिती नेमली गेली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने ठार झाला. अनेकांना तो न्याय वाटला. पण त्याच्यावरचा खटलाच चालला नाही, त्यामुळे त्या शाळेत कोणाला काय दिसलं, कोण गप्प राहिलं, मुली कुठे एकट्या पडल्या, हे भर न्यायालयात उलगडण्याची संधी गेली. पुढच्या मुलांना वाचवण्यासाठी ती उत्तरं हवी होती. मे २०२५ मध्ये शालेय शिक्षण विभागाने सुरक्षेचा आणखी सविस्तर शासन निर्णय काढला.

शाळांकडे निदान लक्ष गेलं. शाळा सुटल्यावर मूल जिथे जातं त्या मैदानाकडे, जलतरण तलावाकडे, कराटेच्या क्लासकडे ते अजून गेलेलं नाही. खेळात प्रशिक्षकाचा शब्द अंतिम असतो. संघात निवड त्याच्या हाती, स्पर्धेचा प्रवास आणि मुक्काम त्याच्या भरवशावर. मल्लखांबावर चढणाऱ्या मुलाला आधार द्यायला हात लावावाच लागतो. म्हणूनच हात कुठे, कसा आणि कोणाच्या समोर लावायचा, याचे नियम खेळात जास्त स्पष्ट हवेत. ब्रिटनमध्ये १९९५ साली ऑलिंपिक जलतरण संघाच्या एका माजी प्रशिक्षकाला १७ वर्षांची शिक्षा झाली. त्या धक्क्यातून पुढे २००१ मध्ये खेळातल्या बालसंरक्षणासाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला. तिथे आता मुलांना शिकवणारे प्रशिक्षक काही तासांचं प्रशिक्षण घेतात आणि काही वर्षांनी पुन्हा घेतात. आपल्याकडे २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित खेळाचं धोरण आणण्याची तरतूद झाली. ते धोरण राष्ट्रीय संघटनांपाशी न थांबता गल्लीतल्या अकादमीपर्यंत यायला हवं.

हे प्रशिक्षण अवघड नाही. एक दिवस पुरतो. मूल अचानक शाळेला किंवा सरावाला जायला नकार देतं, लघवीच्या जागी दुखतं म्हणतं, झोपेत दचकतं, एखाद्या माणसाला पाहून आक्रसतं, याची दखल घ्यायला शिकायचं. मूल बोलायला लागलं की शांतपणे ऐकायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. त्याचेच शब्द लिहून ठेवायचे आणि पोलिसांना किंवा १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवायचं. शौचालयात, कपडे बदलायच्या खोलीत, गाडीत फक्त एक मोठा माणूस आणि एक मूल अशी वेळ येऊ द्यायची नाही. खेळाडू मुलाशी खासगी संदेश नकोत. पालक असलेल्या गटातच बोलायचं. मुंबईतली ‘अर्पण’सारखी संस्था २००६ पासून मुलांना आणि मोठ्यांना हेच शिकवत आली आहे. कॅमेरा घडलेलं टिपतो. शिकलेली ताई घडण्याआधी सावध होते. पैसा मात्र आधी कॅमेऱ्यावर खर्च होतो.

२०११ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेलं बदलापूर तेव्हापासून झपाट्याने वाढलं. सोनिवलीसारख्या भागांत नव्या इमारतींबरोबर खालच्या गाळ्यांत प्ले ग्रुप, डे केअर आणि खेळांचे क्लास येणार, आईवडील दोघंही लोकलने मुंबई गाठणार. म्हणून कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेने, अंगणवाडी प्रकल्पाने आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने मिळून दरवर्षी जून उजाडण्याआधी ताई, मावशी, बसचालक आणि प्रशिक्षक यांचं प्रशिक्षण घ्यावं आणि ते न घेतलेल्यांची यादी दारावर लावावी. आणि आपण पालकांनी फी भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत : इथल्या प्रत्येकाची पोलिस पडताळणी झाली आहे का? बालसुरक्षेचं प्रशिक्षण शेवटचं कधी झालं? माझं मूल कधी कोणासोबत एकटं असतं का? तक्रार आली तर तुम्ही पोलिसांना कधी कळवणार? उत्तर मिळालं नाही, तर मुलाला तिथे पाठवू नका.