बेटांच्या वस्तीपेक्षा मोठं कॉलेज

इंग्लंडमधल्या विंचेस्टर गावच्या पीटर सिमंड्स कॉलेजात चार हजारांहून अधिक मुलं शिकतात. दक्षिण अटलांटिकमधल्या, ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांची सगळी वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. दोहोंत जवळपास 13,000 किलोमीटरचं अंतर. तरी बेटांची राजधानी असलेल्या स्टॅन्लीतल्या घरांत सोळा वर्षांच्या मुलानं पुढं कुठं जायचं याची फारशी चर्चा होत नाही. गुण पुरेसे पडले की पीटर सिमंड्स, नाहीतर हातचं कौशल्य शिकायला चिचेस्टर कॉलेज.

बेटांवर शिक्षणाची सोय सोळाव्या वर्षापर्यंतच आहे. 1992 साली सुरू झालेल्या तिथल्या कम्युनिटी स्कूलमध्ये मुलं जीसीएसई ही शालान्त परीक्षा देतात. पुढची दोन वर्षं म्हणजे सिक्स्थ फॉर्म, आपली अकरावी-बारावी म्हणा ना. फरक एवढाच की त्याअखेरच्या ए लेव्हल परीक्षेला सहसा तीनच विषय घ्यायचे, पण ते खोलवर शिकायचे. गणवेश नाही, तासांच्या मध्ये मोकळा वेळ भरपूर, आणि तो वाया घालवला तर कान धरायला आई जवळ नाही.

पीटर सिमंड्स हा सोळाव्या शतकातला कापडव्यापारी. त्यानं मागं ठेवलेल्या धर्मादाय निधीतून 1897 मध्ये मुलांची शाळा निघाली आणि 1974 मध्ये तिचं सिक्स्थ फॉर्म कॉलेज झालं. बहुतेक मुलं आसपासच्या गावांतून येऊन-जाऊन शिकतात, वसतिगृहात राहणारी मूठभर. इंग्लंडमध्ये वसतिगृह असलेल्या सरकारी संस्था थोड्याच. तिथं शिकवणीचे पैसे पडत नाहीत, राहण्या-जेवणाचे मात्र भरावे लागतात. बेटांवरच्या मुलांसाठी ते फॉकलंडचं सरकार भरतं.

हा पैसा आला कुठून? शंभराहून अधिक वर्षं ही बेटं मेंढ्यांच्या लोकरीवर जगली. 1982 मध्ये अर्जेंटिनाशी युद्ध झालं, 1983 च्या कायद्यानं बेटवासीयांना पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व मिळालं. पण तिजोरी भरली ती 1986 साली भोवतालच्या समुद्रावर मासेमारीचा हक्क जाहीर केल्यावर. परदेशी जहाजांना परवाने विकायला सुरुवात झाली, आणि ती जहाजं येतात मुख्यतः माकूळ पकडायला. कोकणात जे पानात पडतं, त्याच्यावर तिकडं पोरांची ए लेव्हल निघते, आणि गुण मिळवले तर विद्यापीठही.

स्टॅन्लीबाहेरच्या सगळ्या मुलखाला बेटांवर ‘कॅम्प’ म्हणतात. तिथल्या दूरच्या मेंढपाळी वाड्यांवर मास्तर फिरतीवर येतात, काही दिवस राहून शिकवतात. मधल्या काळात धडे फोनवर. मूल जरा मोठं झालं की स्टॅन्ली हाउस या वसतिगृहात येतं. म्हणजे विंचेस्टरला निघालेल्या कॅम्पमधल्या मुलीचं हे दुसऱ्यांदा घर सोडणं असतं, आणि वसतिगृहाची सवय तिला शहरातल्या मैत्रिणीपेक्षा जास्त असते.

ऑक्सफर्डशायरमधल्या लष्करी तळावरून बेटांकडे आठवड्यातून मोजकी विमानं सुटतात. वाटेत इंधनासाठी थांबून पोचायला अठराएक तास. त्यामुळे सत्राच्या मध्यावर मिळणाऱ्या आठवडाभराच्या सुटीत वर्गमित्र घरी पळतात तेव्हा या मुलांना इंग्लंडमध्येच कुणाकडे तरी मुक्काम शोधावा लागतो. माझ्या मते खरी परीक्षा हीच, ए लेव्हल नव्हे.

मग बेटांवरच अकरावी-बारावी का काढत नाहीत? एका वयाची मुलं तिथं असतात किती! प्रत्येक विषयाला शिक्षक ठेवायचा तर पदार्थविज्ञानाच्या वर्गात दोन-तीन डोकी, फ्रेंचला कदाचित एक. वर तो शिक्षकही बहुधा ब्रिटनहूनच आणायचा. त्यापेक्षा मुलालाच पाठवलेलं बरं, हा हिशेब मला पटतो. शिवाय चार हजारांच्या गर्दीत कुणाचं पोर, कुणाची भाची हे कुणी विचारत नाही. स्टॅन्लीसारख्या गावात वाढलेल्याला हेही शिकण्याजोगंच. मात्र ज्या वयातली मुलं गावात दंगा करतात, दुकानात हाताखाली राहतात, धाकट्यांना खेळात घेतात, त्या वयाची बरीचशी मुलं दर वर्षी एकदमच निघून जातात. परवान्यांच्या उत्पन्नातून ही उणीव भरून निघत नाही.